भिवंडीचा उन्हाळा छपराखाली असतो

दरवर्षी मार्च संपत आला की भिवंडीत एक पत्रक फिरू लागते. ते व्हॉट्सअ‍ॅपवर येते, दवाखान्याच्या भिंतीवर लागते, शाळेत मुलांकडून मोठ्याने वाचून घेतले जाते. दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका. डोक्यावर टोपी, रुमाल किंवा छत्री घ्या. तहान नसली तरी पाणी प्या, ताक आणि लिंबूसरबत घ्या. सुती, सैल, फिक्या रंगाचे कपडे घाला. शक्यतो सावलीत राहा. यातले एकही वाक्य चुकीचे नाही, आणि तरीही माझे भांडण या पत्रकाशीच आहे. कारण ते आमच्या शहरासाठी लिहिलेले नाही, आणि ते वाटून झाले की आपण सगळे ‘जनजागृती झाली’ असे समजून मोकळे होतो.

पत्रक कुठले आहे ते त्यातल्या सल्ल्यावरूनच कळते. ते नागपूर-चंद्रपूरचे आहे, जळगाव-मालेगावचे आहे. तिथे पारा ४४-४५ अंशांवर जातो, हवा कोरडी असते, झळा लागतात. ऊन वैरी असते आणि जाड भिंतीचे घर मित्र असते. दाराला वाळ्याचा पडदा लावला, कूलर सुरू केला की खोली खरोखर गार होते, कारण कोरडी हवा पाणी पिऊन घेते. भिवंडीत मे महिन्यात कूलर लावून बघा. खोली गार होत नाही, चिकट होते. एका बाजूला वसईची खाडी, अंगावर कामवारी आणि उल्हासचा ओलावा. इथे घाम येतो आणि अंगावरच राहतो. शरीर गार होते ते घाम गळल्याने नाही, तो वाळल्याने. हवेत आधीच पाणी भरलेले असेल तर घाम वाळत नाही आणि माणूस आतून तापत जातो, मग बाहेर पारा ३८ का असेना.

हवामान खात्याला हा फरक माहीत आहे. उष्णतेची लाट जाहीर करायची तर मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश लागते, किनारपट्टीवर ३७ (शिवाय ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढलेले असावे लागते). महाराष्ट्र सरकारलाही तो माहीत असायला हवा. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला, लाखो लोक भर उन्हात तासन्‌तास बसले आणि १४ जण गेले. त्या दिवशी तिथे विदर्भाचा पारा नव्हता. होता तो कोकणपट्टीतला नेहमीचा एप्रिल, अडतीसच्या आसपासचा, दमट. त्यानंतर सरकारने दुपारी बारा ते पाच उघड्यावर सरकारी कार्यक्रम घ्यायचे नाहीत असे ठरवले. ठीक झाले. पण त्या १४ मृत्यूंची दखल का घेतली गेली याचाही विचार करा. ते एकाच दिवशी, एकाच मैदानावर, कॅमेऱ्यांसमोर झाले. तीच माणसे चौदा वेगवेगळ्या गल्ल्यांत, चौदा वेगवेगळ्या रात्री, चौदा कारखान्यांत कोसळली असती तर दाखल्यावर ‘हृदय बंद पडले’ एवढेच लिहिले गेले असते. हृदय तर मरणाऱ्या प्रत्येकाचेच बंद पडते.

माझ्या वडिलांचे निजामपुऱ्यात चार माग होते. मी त्या आवाजात वाढलो आणि पुढे शिक्षक झालो तरी ज्यांच्या मुलांना शिकवले ते बहुतेक मागावरचेच. म्हणून कारखान्याच्या आत काय असते ते इथे जरा सविस्तर सांगतो. भिवंडीबाहेरच्या वाचकाला ते ठाऊक नसते, आणि भिवंडीतल्या वाचकाला ते इतके ठाऊक असते की दिसेनासे झालेले असते.

साधा माग, म्हणजे धोट्याचा माग, सुमारे एक हॉर्सपॉवरच्या मोटरीवर चालतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. २४ मागांचा एक मध्यम कारखाना धरा. सगळ्या मोटरी मिळून अठरा हजार वॅटच्या जवळ जातात. मोटर नेहमी पूर्ण ताकदीने चालत नाही, म्हणून निम्मे धरू: नऊ हजार. आता ही वीज जाते कुठे? कापड विणण्यात ती ‘संपत’ नाही. घर्षणातून, ठोक्यांतून, मोटरीच्या तापण्यातून ती शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उरते. घरातला खोली तापवायचा हीटर दोन हजार वॅटचा असतो. म्हणजे मे महिन्यात, दमट हवेत, एका बंद शेडमध्ये चार-साडेचार हीटर दिवसरात्र चालू आहेत असे समजा. वर छप्पर पत्र्याचे किंवा सिमेंटच्या पत्र्याचे. ते दिवसभर तापते आणि डोक्यावर ओतत राहते.

आणि खिडक्या बंद. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही, पण कारण साधे आहे. कोरड्या वाऱ्याने ताण्याचा धागा ठिसूळ होतो, तुटतो. धागा तुटला की माग थांबतो, माग थांबला की मीटर थांबतात. सुताला ओलावा हवा असतो, म्हणून काही ठिकाणी जमिनीवर पाणीही शिंपडतात. पंखा लावला तर रुई उडते. म्हणजे धाग्याची जी सोय आहे तीच माणसाची गैरसोय आहे, आणि त्या खोलीत धाग्याचे ऐकले जाते. रात्री अकराच्या सुमाराला, बाहेर जरा वारा सुटलेला असताना, अशा शेडमध्ये शिरलो की माझ्या चष्म्याच्या काचा धुरकट होतात. सुती, सैल कपडे घाला म्हणून पत्रक सांगते. ते कापड विणणारा कारीगर लुंगी-बनियनवर असतो, पुष्कळदा उघडाच.

मी एकदा शांतीनगरमधल्या एका कारीगराला ते पत्रक वाचून दाखवले. उत्तर प्रदेशचा माणूस, वीस वर्षे इथे काढलेला. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘मास्टरजी, धूप हमने देखी ही कब?’

विनोद नव्हता तो. रातपाळीचा माणूस संध्याकाळी आत जातो, सकाळी बाहेर येतो. बारा तासांची पाळी. मग खोलीवर जाऊन झोपायचा प्रयत्न करतो. आठ-दहा जणांत एक खोली, तीही पाळीपाळीने वापरायची. दिवसपाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा होतो. खोलीला पत्रा. म्हणजे ‘दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका’ हा सल्ला तो तंतोतंत पाळतो. शहरातल्या सगळ्यात तापलेल्या वेळी तो शहरातल्या सगळ्यात तापलेल्या पेटीत पडून असतो. दिवसभराच्या उष्म्यानंतर शरीराला सावरायला रात्रीचे काही थंड तास लागतात. त्याला ते रात्री मिळत नाहीत आणि दिवसाही मिळत नाहीत. ही परवड एका दिवसाची नसते, एप्रिल ते जून ओळीने चालते.

बायकांचे याहून वेगळे आणि वाईट. वीज गेली की पुरुष ओट्यावर येतात, गच्चीवर चटई टाकतात, नाक्यावर जाऊन बसतात. बाई आतच. स्वयंपाक तिथेच, कांडी भरणे किंवा धागे कापणे असे घरचे काम तिथेच, बाळ तिथेच. खाली कारखाना आणि वर राहण्याचा माळा अशी घरे शहरात शेकड्यांनी आहेत. तिथे फरशी पायाखाली थरथरते आणि तापतेही. ‘घरात राहा’ हे त्या बाईला सांगणे म्हणजे काय सांगणे आहे?

आता कोणी म्हणेल की मग पाणी प्या म्हणणे तरी चूक आहे का? चूक नाही, अर्धे आहे. पाणी पिणाऱ्याला लघवीला जावे लागते. आठ माग एकट्याने सांभाळणारा माणूस जागा सोडून गेला की मागे दोन माग उभे राहतात, आणि मजुरी मीटरवर आहे. जिथे संडास गल्लीच्या टोकाला आहे तिथे माणूस पाणी कमी पितो. त्याला पाण्याचे महत्त्व कळत नाही असे नाही. त्याला हिशेब कळतो. मध्य अमेरिकेत उसाच्या शेतात राबणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे वर्षानुवर्षांच्या उष्म्याने आणि कमी पाण्याने निकामी झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. त्यांनाही पाणी प्यायचे असते हे माहीत होतेच.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की भिवंडीत उष्णतेविषयी अज्ञानी कोण आहे हे आपण उलटे धरले आहे. कारीगराला उष्णतेची जाणीव करून देणे म्हणजे माशाला पाण्याची ओळख करून देणे. जाणीव करून द्यायची आहे ती शेडच्या मालकाला, जागेच्या मालकाला, महापालिकेला, डॉक्टरांना, मशिदीच्या विश्वस्तांना आणि आपल्याला, म्हणजे सरबताचे स्टॉल लावून फोटो काढणाऱ्या संघटनांना. हातात माहिती नाही म्हणून माणसे मरत नाहीत. ज्या गोष्टीने वाचता येते ती त्यांच्या हातात नसते.

याचा पुरावा आपल्याच लोकांच्या आठवणीत ताजा आहे. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला. सौदी सरकारने सांगितलेला मृतांचा आकडा १,३०१. सूचना कमी होत्या का? छत्र्या वाटल्या जात होत्या, मोबाइलवर संदेश येत होते, पाण्याचे फवारे होते. पण त्याच सरकारने सांगितले की मेलेल्यांपैकी ८३ टक्के लोक परवान्याशिवाय आलेले होते. परवाना नाही म्हणून वातानुकूलित तंबू नाही, बस नाही, म्हणून मैलोन्‌मैल उन्हात चालणे. ऊन सगळ्यांवर सारखेच पडले. सावली कागद बघून मिळाली. आपल्याकडे त्या बातमीवर हळहळ झाली, दुआ झाल्या, आणि ‘बिनपरवाना जायचेच कशाला’ अशी चर्चा झाली. मला मात्र त्या ८३ टक्क्यांत आपला यंत्रमाग दिसतो.

कारण इथेही सगळा खेळ कागदाचा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम १३ होते. त्यात हवा खेळती असावी, तापमान कामगाराला त्रास होणार नाही इतपत असावे, भिंती आणि छप्पर असे असावे की उष्णता शक्य तितकी कमी राहील, असे स्वच्छ लिहिले होते. त्याखालच्या आदर्श नियमांत तर आकडाही होता: कामाच्या खोलीतले ‘वेट बल्ब’ तापमान, म्हणजे फडके ओले करून गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा, ३० अंशांच्या वर जाऊ नये आणि हवा मिनिटाला निदान ३० मीटर हलती असावी. हा आकडा हवेतून काढलेला नाही. पेनसिल्व्हानियातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये निरोगी तरुण माणसांवर पाहिले तेव्हा दमट हवेत ३१ च्या आसपासच शरीर स्वतःला सावरू शकेनासे होते असे आढळले. तेही हलकी कामे करत असताना.

पण हा कायदा ‘कारखान्या’ला लागू होता. पूर्वी विजेवर चालणाऱ्या जागेत १० कामगार असले की ती कारखाना ठरत असे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ती संख्या २० केली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या देशाच्या नव्या श्रम संहितेतही ती २० च आहे. २४ मागांच्या शेडमध्ये एका पाळीला माणसे किती? तीन-चार कारीगर, एखादा कांडीवाला, वरून मुकादम. दोन्ही पाळ्या धरल्या तरी वीस होत नाहीत. शिवाय एकाच छपराखालचे माग भावाच्या, बायकोच्या, मुलाच्या नावाने वेगळे दाखवता येतात. नऊ हजार वॅटची भट्टी कायद्याला दिसतच नाही. हा गैरकारभार आहे असेही म्हणता येत नाही, कारण सगळे नियमाने चालले आहे. कारीगराजवळ नेमणुकीचे पत्र नाही, हजेरीचे कार्ड नाही. तो कामावर कोसळला तर तो तिथे कामाला होता हेच आधी सिद्ध करावे लागते.

मला इथे आपल्या समाजातल्या काही मंडळींचा राग ओढवून घ्यायचा आहे. भिवंडीत मालक सगळ्या समाजांचे आहेत, मुसलमान आहेत, पद्मशाली आहेत, मारवाडी-गुजराती आहेत. पण आपल्या मोहल्ल्यांतले असंख्य शेड आपल्याच लोकांचे आहेत. हेच लोक रमजानमध्ये जकात मनापासून देतात, मोहरममध्ये सबील लावतात, लग्नाच्या हंगामात अनाथ मुलींच्या लग्नाला मदत करतात. त्यांच्या दानतीवर मला शंका नाही. मला शंका आहे ती या हिशेबावर, की आपल्या कारखान्यातल्या माणसाला वर्षभर भट्टीत उभे करायचे आणि दहा दिवस रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला बर्फाचे सरबत पाजायचे. सबील नाक्यावर लावता तशी शेडच्या दाराशी का नाही? पुण्य काही कमी पडेल का?

शेटलोकांचे उत्तर मला पाठ आहे, आणि ते खोटेही नाही. धंदा बसला आहे. माग भंगारात चालले आहेत, हे शहरात कोणालाही दिसते. सुताचा भाव वर, कापडाचा खाली. कितीतरी जण स्वतःचे सूतही आणत नाहीत, व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने विणून देतात. शेड भाड्याची, छप्पर दुसऱ्याचे. ‘मास्टर, एसी लावू का आता?’ असे मला तोंडावर विचारले गेले आहे.

एसी कोणी मागितलेला नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये उष्णतेची मोठी लाट आली. नंतर अभ्यासकांनी मोजले तर त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले होते. त्या धक्क्यातून २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. त्यातले जे काम पुढे सगळ्यांनी उचलले ते फार साधे आहे: गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग किंवा चुना. पांढरे छप्पर ऊन परत फेकते. आतला उष्मा दोन ते पाच अंशांनी उतरतो असा तिथला हिशेब आहे. तेलंगण सरकारने तर २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच केले, अनेक नव्या इमारतींना ते बंधनकारक करत. आमच्या पद्मानगरातल्या विणकरांची मुळे त्याच तेलंगणात आहेत. तिथल्या नातेवाइकांना फोन करून विचारता येईल.

मागाच्या शेडला चुन्याने स्वर्ग होणार नाही, हे मी आधीच सांगतो. मोटरींची उष्णता आतच तयार होते, ती चुन्याने जात नाही. तिला बाहेर काढायला छपराच्या सर्वांत वरच्या टोकाशी गरम हवा निघून जायला वाट लागते, आणि खाली, मागाच्या अंगाला न लागेल अशी, हवा आत यायला जाळी लागते. गरम हवा आपसूक वर जाते, वाट दिली तर निघून जाते. धाग्याला झोत लागत नाही. जुन्या मुंबईच्या गिरण्यांची ती करवतीच्या दातांसारखी छपरे उगीच तशी नव्हती. उजेड आणि हवा या दोन्हींचा विचार त्यात होता. आपण त्या गिरण्यांचे माग आणले, छप्पर मात्र आणले नाही.

आणि खर्च कोणी करायचा? इथे सरकारकडे एक दोरी आहे जी ते ओढत नाही. यंत्रमागाला वीजदरात सवलत मिळते, म्हणजे जनतेचा पैसा प्रत्येक युनिटबरोबर त्या शेडमध्ये जातो. त्या सवलतीच्या अर्जात एक रकाना वाढवा: छप्पर पांढरे केले आहे का, वरची हवेची वाट आहे का, संडास आणि पिण्याचे पाणी शेडमध्ये आहे का. कामगार वीस असोत की चार. कायद्याचा उंबरठा ज्याला लागत नाही त्याला विजेचे बिल तर लागतेच.

विश्रांतीचा प्रश्न अवघड आहे, तो मी गुळगुळीत करणार नाही. मीटरवर मजुरी असताना ‘दर तासाला दहा मिनिटे थांबा’ म्हणणे म्हणजे कारीगराच्याच खिशातून औषधाचे पैसे काढणे. आमच्या कोकणी मुसलमान घरांत एकतरी माणूस आखातात असतोच. त्याला विचारा. यूएईत आणि सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारचे उन्हातले काम कायद्याने बंद असते. कतारमध्ये २०२१ पासून उष्मा आणि दमटपणा मिळून काढलेला निर्देशांक ३२.१ च्या वर गेला की काम थांबवावे लागते. त्या देशांनी परदेशी मजुरांना कसे वागवले हे आपण जाणतो, त्यांचे गोडवे मी गात नाही. पण तिथे कामाच्या जागी एक आकडा आहे, तो मोजला जातो. आपल्या शेडमध्ये घामाशिवाय काही मोजले जात नाही. काही शे रुपयांत तापमान आणि दमटपणा दाखवणारे घड्याळासारखे यंत्र मिळते. ते भिंतीवर लावा. मोबाइलवर जो आकडा आपण बघतो तो मोकळ्या जागेत, सावलीत, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचा असतो. तो भिवंडीच्या एकाही कारीगराचा आकडा नाही. आणि आकडा समोर असला की मीटरचा दर उन्हाळ्यात किती असावा यावर मालक आणि कारीगर निदान बोलू तरी शकतील.

महापालिकेला मला एकच गोष्ट विचारायची आहे. २०२० च्या सप्टेंबरात पटेल कंपाऊंडची जिलानी इमारत पहाटे कोसळली, तीन डझनांहून अधिक माणसे झोपेत गेली. दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते, नोटिसा लागतात. पावसाने पडणाऱ्या छपरांची यादी करता येते, तर उन्हाने मारणाऱ्या छपरांची का करता येत नाही? शेजारच्या ठाणे महापालिकेने २०२४ मध्ये शहराचा उष्णता आराखडा केला. भिवंडीचा आराखडा ठाण्याची नक्कल असून चालणार नाही. त्यात रात्र असली पाहिजे, शेड असली पाहिजे, मानकोली-काल्हेरच्या पत्र्याच्या गोदामांत पेट्या उचलणारे हमाल असले पाहिजेत. आणि तो उर्दू, हिंदी, तेलुगूत असला पाहिजे. मराठी-इंग्रजी पत्रक शेडच्या दारावर लावणे म्हणजे कागदाला चिकटपट्टीचा खर्च. लाऊडस्पीकरची रिक्षाही उपयोगाची नाही, मागाच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही.

पत्रकात जे नसते आणि असायला हवे तेही सांगून टाकतो. काम करताना माणूस बरळू लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला, अंग तापले, तर तो उष्माघात समजा. ‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’ असे मानू नका, राबणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम येतो. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. बाहेर मोकळ्या हवेत आणा, कपडे सैल करा, अंगावर बादल्यांनी पाणी ओता, वारा घाला, मान-काखा-जांघेत बर्फ ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आधी गार करायचे, मग हलवायचे. आपल्याकडे उलटे होते: रिक्षात घालून गल्लीतल्या दवाखान्यात नेतात, एक बाटली चढवतात, तीन-चारशे रुपये घेतात आणि ‘कमजोरी आहे’ म्हणून परत पाठवतात. त्या दवाखान्यांच्या वहीत उष्माघात हा शब्दच नसेल, तर सरकारच्या आकड्यांत भिवंडी थंड हवेचे ठिकाण म्हणून नोंदली जाईल.

राहिल्या मशिदी. शहरातल्या सगळ्यात उंच छताच्या, सगळ्यात जाड भिंतींच्या, पंखे आणि पाणी असलेल्या जागा मोहल्ल्यात कोणाकडे आहेत? जोहरच्या नमाजनंतर पुष्कळ ठिकाणी कुलूप लागते, ते असरला निघते. नेमके तेच तास. एप्रिल-मे-जूनमध्ये जोहर ते असर खालचा एक हॉल रातपाळीच्या माणसांना झोपायला खुला ठेवा, मग तो आझमगडचा असो की करीमनगरचा, नमाजी असो की नसो. समाजमंदिरांनी, मंगल कार्यालयांनी, शाळांनीही तेच करावे. मुलांना सुट्टीच असते, वर्ग रिकामे असतात. चोरी होईल, घाण होईल, पोलीस विचारतील, हे सगळे आक्षेप मी ऐकले आहेत. वह्या ठेवा, एक माणूस ठेवा. लग्नाच्या जेवणावळींना आपण हीच व्यवस्था एका दिवसात उभी करतो. बायकांसाठी वेगळी जागा करायची गोष्ट काढली की बैठकीत सगळे घड्याळ बघू लागतात. ती गोष्ट तरीही काढायची आहे.

चुन्याचा हंगाम फेब्रुवारीचा. पत्रा तापायला लागला की त्यावर चढता येत नाही, आणि चुना लावल्यावर त्याला वाळायला थोडे दिवस द्यावे लागतात. आमच्या गल्लीत सात शेड आहेत, त्यांतल्या दोघांनी हो म्हटले आहे, तिघे व्यापाऱ्याला विचारतो म्हणाले, आणि एकाचे जागामालक मुंबईत राहतात. सातव्याकडे मी जुम्म्यानंतर जाणार आहे. कोणाला बरोबर यायचे असेल त्याने यावे, शिडी आमच्याकडे आहे.